माउसला हात लावायचा नाही

(दृश्य : इचलकरंजीतली गल्ली. दोन्ही बाजूंना यंत्रमाग. मागांचा आवाज थोडा वेळ मोकळा, मग निवेदन.)

बाहेरच्या माणसाला इथं बोललेलं ऐकू येत नाही. इचलकरंजीकर मात्र याच आवाजात फोनवर बोलतात, भांडतात, पोरांचा अभ्यास घेतात. गल्लीच्या टोकाला वाचनालय आहे. जिना चढून गेलं की वर्तमानपत्रांचे जुने गठ्ठे बाजूला सारून केलेली एक खोली लागते. खोलीत कॉम्प्युटर. सगळे दानात आलेले, कोणाचाच कीबोर्ड दुसऱ्यासारखा नाही.

इथं कॉम्प्युटरचा वर्ग भरतो. फी नाही. शिकवणाऱ्यांत कोणी बँकेत आहे, कोणी इंजिनिअरिंगला, एक काका सरकारी कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले. पगार कोणालाच नाही.

(दृश्य : उघडलेला सीपीयू. स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं निघणारा गोल सेल.)

हा सेल नीट बघा. सीआर २०३२. घड्याळाच्या दुकानात मिळतो. दानात आलेल्या मशीनमध्ये बरेचदा हाच मेलेला असतो. सेल गेला की प्लग काढल्यावर मशीन तारीख विसरतं आणि पुढच्या वेळी कुठल्या तरी जुन्या सालात जागं होतं. वेबसाइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राला मुदत असते. मशीनच्या हिशेबानं ती मुदत अजून सुरूच झालेली नसते, मग पान उघडत नाही. इथं किती तरी वेळा ‘नेट गेलंय’ म्हणून वर्ग सुटला. नेट होतं.

(दृश्य : हार्ड डिस्क निघते, जागी एसएसडी बसते. स्क्रीनवर लिनक्स मिंट सुरू होतं.)

या मशीनवर विंडोज ७ होतं. मायक्रोसॉफ्टनं त्याचे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबवले. आधारचा नंबर टाकायचा त्या मशीनवर असं काही चालवणं बरं नव्हे. म्हणून विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी प्रणाली टाकली, पत्रं लिहायला आणि हिशेब मांडायला मराठी मेनूसह लिबरऑफिस टाकलं. फिरत्या डिस्कच्या जागी काहीच न फिरणारी, वेगवान एसएसडी आली आणि ‘चालू करून ठेवा, तोवर चहा घेऊन येतो’ ही पद्धत बंद पडली. माउसच्या सेटिंगमध्ये डबल क्लिकचा वेग कमी केला, बाण मोठा केला. वर्गातल्या कितीतरी जणांना आपला हात थरथरतो असं वाटायचं. थरथरत नव्हता. मशीन घाई करत होतं.

(दृश्य : वहीची पानं. निळ्या शाईत आखलेली आकृती : इनपुट, प्रोसेस, आउटपुट.)

ही वही वर्गाच्या पहिल्या वर्षातली. अक्षर बघण्यासारखं आहे. कॉम्प्युटरच्या पाच पिढ्या, व्हॅक्यूम ट्यूबपासून. रॅम आणि रॉममधला फरक. अभ्यासक्रम एमएस-सीआयटीच्या वळणावर बेतलेला. ती परीक्षा २००१ पासून महाराष्ट्रात आहे, नोकरीच्या अर्जात लागते, तिचं काम ती करते. पण ही वही आहे दिवसभर मागासाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या एका मावशींची. त्या आल्या होत्या मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला. पिढ्या पाठ झाल्या, अर्ज सायबर कॅफेवाल्यानं पैसे घेऊन भरला.

आता पहिल्या दिवशी एकच विचारतात : काय काम अडलंय? फळ्यावर तेच लिहितात.

(दृश्य : फळा. ‘सातबारा’, ‘महाडीबीटी’, ‘पीएफ’, ‘फोटो लहान करणे’.)

आणि दुसरा नियम, जो शिकणाऱ्यांना नाही, शिकवणाऱ्यांना आहे. माउसला हात लावायचा नाही.

(दृश्य : खुर्चीमागे उभी असलेली स्वयंसेवक मुलगी. हात पाठीमागे, बोटं एकमेकांत अडकवलेली.)

बघा, तिचे हात. कॅमेरा आहे म्हणून नव्हे, ती नेहमी अशीच उभी असते. समोरचा माणूस चुकीच्या जागी क्लिक करत असला की शिकवणाऱ्याचा हात आपोआप पुढे येतो, दोन सेकंदांत काम होतं, आणि समोरचा म्हणतो, ‘अरे वा’. शिकला काहीच नाही. तोंडानं सांगायचं. ‘वर, उजवीकडे, तीन आडव्या रेघा दिसतायत का काकू?’ ‘कुठं गं बाळा?’ ‘अजून वर.’ ‘हां, गावलं की!’

इंजिनिअरिंगच्या मुलांना हा नियम सगळ्यात जड जातो. काही जण त्यापायी सोडूनही गेले. जाऊ देत.

(दृश्य : स्क्रीनवर पीडीएफ. पासवर्डची चौकट.)

आधार डाऊनलोड केलं की त्याला पासवर्ड लागतो. इंग्रजी नावाची पहिली चार अक्षरं, मोठ्या लिपीत, पुढे जन्मसाल. एवढ्या एका चौकटीत कॅप्स लॉक येतो, आपल्या नावाचं आधारवरचं स्पेलिंग येतं, आणि टाइप केलेलं ठिपक्यांत का दिसतं तेही येतं. हे काका वहिफणीचं काम करतात. हजारो तारा फणीतून हातानं ओवायच्या. त्यांनी चार वेळा चुकीचा पासवर्ड टाकला. पाचव्यांदा स्वतःच म्हणाले, ‘थांबा, ते मोठ्या ए-बी-सी-डीचं बटण बंद हाय.’

एक अडचण मात्र या खोलीत सुटत नाही. ओटीपी जुन्या, बंद पडलेल्या नंबरवर जातो. मग आधार केंद्राचा रस्ता. फाईल कामानंतर पुसायची, हेही आता शिकवण्यातच आहे. गेस्ट सेशन, म्हणजे पाहुण्यापुरतं उघडलेलं खातं, बंद केलं की डाऊनलोडमधलं सगळं जातं.

(दृश्य : निवृत्त काका, कीबोर्डवर बोटं. एफ आणि जे या कळांवरचे उंचवटे, अगदी जवळून.)

काकांनी उभी नोकरी मराठी टाइपरायटरवर काढली. तिथं ‘कि’ लिहायला आधी वेलांटी, मग क. इनस्क्रिप्टमध्ये उलट, जसं बोलतो तसं. आधी क, मग वेलांटी. सरकारनं १९८६ साली ठरवलेला हा कीबोर्ड. मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. शिफ्ट दाबलं की क चा ख, ग चा घ, ल चा ळ. न बघता बोट टेकवायला ज्या दोन कळांवर उंचवटा असतो, तिथं पहिली वेलांटी आणि र. काकांची बोटं अजून अधूनमधून वेलांटी आधी मारतात आणि स्क्रीनवर ठिपक्यांच्या गोलाला लटकलेली वेलांटी उमटते. ते पुसतात, चष्मा सारखा करतात, पुन्हा मारतात. आज तेच इनस्क्रिप्ट शिकवतात. रोमन अक्षरांत मराठी टाइप करणाऱ्या पोरांकडे बघायची त्यांची नजर आम्ही चित्रपटात ठेवली आहे.

(दृश्य : पाळी सुटल्यावर सायकलींची रांग.)

वेळेचंही तसंच. वर्ग आधी रोज संध्याकाळी होता. मागावरची पाळी बारा तासांची, एक आठवडा दिवस, एक आठवडा रात्र. येणार कोण? आता तोच धडा आठवड्यातून दोनदा होतो, एकदा सकाळी, एकदा रात्री. केंद्र सरकारचं २०१७ चं डिजिटल साक्षरता अभियान घरटी एक माणूस, वीस तास अशा मापाचं होतं, आणि ग्रामीण भागापुरतं. इचलकरंजी शहर. २०२२ पासून तर महानगरपालिका.

(दृश्य : अर्ज भरताना पाच-सहा चेहरे, झपझप.)

शिष्यवृत्तीचे अर्ज गेले, सातबारे पंधरा रुपयांत निघाले, कांड्या भरणाऱ्या मावशी आता सकाळच्या वर्गाला मदतीला असतात.

(दृश्य : वाचनालयाचा फलक. त्यावर खडूनं लिहिलेल्या वेळा.)

रात्रीच्या वर्गाला माणूस कमी पडतोय. कॉम्प्युटरची पदवी नसली तरी चालेल. मराठी बोलता यावं, दर आठवड्याला यावं, आणि हात मागे ठेवता यावेत.