ठसका घालवलेलं निकोटीन

(एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, विषय वेपिंगचा, म्हणजे ई-सिगारेट ओढण्याचा असला तरी मला सुरुवात चुन्यापासून करावी लागणार आहे. तंबाखू तळहातावर घेतली की अंगठा चुन्याच्या डबीकडे जातोच. का घालता असं विचारलं तर कुणी चवीसाठी म्हणतं, कुणी म्हणतं, "त्याशिवाय लागत नाही." रसायनशास्त्राच्या दृष्टीनं दुसरं उत्तर अगदी बरोबर आहे.

तंबाखूच्या पानात निकोटीन सुटं नसतं. ते मॅलिक, सायट्रिक अशा सेंद्रिय आम्लांशी जोडलेलं असतं, म्हणजे क्षाराच्या रूपात असतं. या रूपात त्याच्या रेणूवर विद्युतभार असतो आणि असा भारित रेणू गालाच्या आतलं अस्तर सहजी ओलांडत नाही. चुना आम्लारिधर्मी. तो आम्ल ओढून घेतो, निकोटीन सुटं होतं, भार जातो आणि ते अस्तरातून थेट रक्तात उतरतं. हे सुटं निकोटीन म्हणजेच वेपवाल्यांच्या भाषेतलं 'फ्रीबेस'. आणि आम्लाशी बांधलेलं ते 'सॉल्ट', बोलीत 'सॉल्ट निक'. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत महाराष्ट्रात बिडी-सिगारेट ओढणारे प्रौढ ३.८ टक्के होते आणि धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. म्हणजे सॉल्टचं फ्रीबेस करण्याचा प्रयोग आपल्याकडे रोज लाखो तळहातांवर चालतो.

आता एकच आकडेमोड, तेवढी सहन करा. निकोटीनचं किती सुटं आणि किती बांधलेलं हे सामूवर, म्हणजे पीएचवर ठरतं; तो जितका कमी, तितकं आम्ल जास्त. शेतकरी मंडळी मातीचा तपासतात तोच सामू. सामू ८ असेल तर निम्मं निकोटीन सुटं, निम्मं बांधलेलं. ९ झाला की नव्वद टक्क्यांच्या वर सुटं. ७ ला जेमतेम नऊ टक्के आणि ६ ला एक टक्का. सामू दोन अंकांनी हलला की चित्र पार पालटतं. तंबाखू सोडायला जी निकोटीनची गोळी चघळतात, तिच्यातही सोडियम कार्बोनेट घातलेलं असतं ते याचसाठी. तिच्याबरोबर कॉफी किंवा सरबत घेऊ नका असं सांगतात, कारण तोंड आम्लधर्मी झालं की गोळीतलं निकोटीन आत जात नाही.

या रसायनाची एक फौजदारी कथाही आहे. २० नोव्हेंबर १८५० रोजी बेल्जियममध्ये बोकार्मे नावाच्या सरदारानं आपल्या मेव्हण्याला निकोटीन पाजून मारलं. वनस्पतीतलं विष मृतदेहात सापडत नाही असा तेव्हा समज होता. ज्यां स्तास या रसायनतज्ज्ञाकडे अवयव आले. त्यानं अर्कात अल्क मिसळून निकोटीन सुटं केलं, मग ईथरनं ते वेगळं काढलं आणि ओळख पटवली. पुढच्या वर्षी बोकार्मेचा गिलोटिनवर शिरच्छेद झाला. वनस्पतीजन्य विषं शोधायची ती पद्धत न्यायवैद्यकात पुढे फार काळ वापरली गेली. चुन्याच्या डबीत आणि स्तासच्या प्रयोगशाळेत तत्त्व एकच.

आता धुराकडे येऊ. सिगारची पानं हवेवर वाळवलेली असतात, त्यांचा धूर आम्लारीकडे झुकतो. त्यात सुटं निकोटीन बरंच. त्यामुळे सिगारवाल्याला धूर छातीत ओढावा लागत नाही, तोंडातच भागतं. आणि ओढायचा म्हटला तरी जमत नाही, घसा पेटतो. सिगारेटचा तंबाखू भट्टीच्या गरम हवेत वाळवतात. त्यात साखर टिकून राहते, धूर आम्लधर्मी होतो. निकोटीन बहुतेक बांधलेलं, म्हणून घशाला सौम्य, म्हणून खोल ओढता येतो. फुफ्फुसाचा पृष्ठभाग अफाट असतो. तिथून निघालेलं निकोटीन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोहोचतं. सिगारेटचं व्यसन इतकं घट्ट का, याचं अर्धंअधिक उत्तर या सौम्यपणात आहे असं मी मानतो. घसा हा आपला पहारेकरी. त्याला ठसका लागू नये, एवढीच सिगारेटची करामत.

वेपचा इतिहास म्हणजे या पहारेकऱ्याला चुकवण्याचाच इतिहास. चीनमधले औषधनिर्माते होन लिक यांनी २००३ च्या सुमारास आजच्या ई-सिगारेटचं मूळ रूप तयार केलं. तत्त्व साधं. प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीनच्या द्रावणात निकोटीन आणि स्वाद मिसळायचा, तारेच्या वेटोळ्यानं तापवायचा, त्याचे सूक्ष्म थेंब श्वासावाटे आत घ्यायचे. सुरुवातीच्या द्रवांत निकोटीन फ्रीबेस. मिलिलिटरला ३, ६, १२, १८ मिलिग्रॅम अशा पायऱ्या. १८ च्या वर गेलं की बहुतेकांचा घसा साथ सोडायचा. म्हणून शौकिनांनी उलटा मार्ग काढला. द्रव ३ मिलिग्रॅमचा पातळ घ्यायचा, यंत्र साठ-सत्तर वॉटचं जबरदस्त घ्यायचं आणि ढगच्या ढग ओढायचे. जड यंत्र, बॅटऱ्या, कापूस बदला, वेटोळं बदला. हा उद्योग मुख्यतः पंचविशी-तिशी ओलांडलेल्या, सिगारेट सोडू पाहणाऱ्या किंवा यंत्रांचा नाद असलेल्या मंडळींचा होता. शाळकरी मुलगा हे लटांबर दप्तरात नेणार नाही.

मग जून २०१५ मध्ये अमेरिकेत 'जूल' आलं. जेम्स मॉन्सीस आणि अ‍ॅडम बोवेन हे स्टॅनफर्डमध्ये शिकलेले दोघे त्यामागे होते. त्यांचा खरा शोध पेन ड्राइव्हसारख्या दिसणाऱ्या त्या यंत्रात नव्हता. तो द्रवात होता. त्यांनी निकोटीनमध्ये बेंझोइक आम्ल मिसळलं. होय, सॉस-सरबतं टिकवायला ज्याचा क्षार वापरतात तेच बेंझोइक आम्ल. सामू खाली आला, निकोटीन बांधलं गेलं, ठसका गेला. कल्पना अगदी कोरी नव्हती. १९७० च्या दशकात आर. जे. रेनॉल्ड्स या सिगारेट कंपनीतल्या रसायनतज्ज्ञांनी निकोटीनच्या क्षारांवर काम केलं होतं. अमेरिकेतल्या खटल्यांनंतर तंबाखू कंपन्यांचे जुने दस्तऐवज जनतेसाठी खुले झाले होतेच.

जूलच्या एका पॉडमध्ये, म्हणजे द्रव भरलेल्या कुपीत, ०.७ मिली द्रव. वर लिहिलेलं, ५ टक्के. हे टक्के वजनाचे. द्रव पाण्यापेक्षा जड असल्यामुळे मिलिलिटरला हिशेब पडतो सुमारे ५९ मिलिग्रॅम. फ्रीबेस रूपात १८ ला जिथं घसा हात टेकत होता, तिथं आता तिपटीहून जास्त निकोटीन सहज आत जाऊ लागलं. परिणाम काय झाला? अमेरिकेतल्या सरकारी पाहणीत हायस्कूलच्या वयाची ई-सिगारेट ओढणारी मुलं २०१७ मध्ये ११.७ टक्के होती, २०१८ मध्ये २०.८ आणि २०१९ मध्ये २७.५. याला स्वाद, जाहिराती, समाजमाध्यमं अशी कारणंही आहेत, ती मी नाकारत नाही. पण आंब्याच्या स्वादाचा द्रव पहिल्याच झुरक्याला ठसका लावणारा असता, तर त्या स्वादाचा एवढा उपयोग झाला असता का?

इथं एक गैरसमज दूर करायला हवा. सॉल्ट निकोटीन मुळातच जास्त जोरदार असतं, असं अनेकांना वाटतं. रेणू तोच. फुफ्फुसाच्या अस्तराचा सामू साधारण ७.४, म्हणजे तिथं पोहोचल्यावर त्याचा सुमारे पाचवा हिस्सा सुटा होतो, तो रक्तात गेला की उरलेल्यातून आणखी सुटा होतो. सगळी प्रक्रिया काही सेकंदांची. फरक आहे तो त्या आधीच्या टप्प्यात. फ्रीबेस निकोटीन थेंबातून उडून वायुरूप होतं आणि घशातच बरंचसं अडकतं, म्हणून तो चटका. बांधलेलं निकोटीन थेंबातच राहतं आणि थेंबाबरोबर खोल जातं. त्यामुळे माणूस एका दमात जास्त घेऊ शकतो. जोर त्यातून येतो.

आणि बाटलीवरचा आकडा? तो एकट्यानं काहीच सांगत नाही. ३ मिलिग्रॅमचा फ्रीबेस द्रव मोठ्या यंत्रातून दिवसाला ८ मिली संपवणारा २४ मिलिग्रॅम निकोटीन तापवतो. २० मिलिग्रॅमचा सॉल्ट लहान पॉडमधून २ मिली ओढणारा ४० मिलिग्रॅम. वरवर सातपट दिसणारा फरक दुपटीच्याही आत आला. शिवाय लेबलवर निकोटीनचं वजन मोजलंय की संपूर्ण क्षाराचं, हेही पाहावं लागतं. निकोटीन बेंझोएटच्या रेणूत निकोटीनचा वाटा वजनानं ५७ टक्केच असतो, बाकी आम्ल.

युरोपीय संघानं २०१६ पासून मिलिलिटरला २० मिलिग्रॅमची कमाल मर्यादा घातली, म्हणून जूल तेव्हा संघात असलेल्या ब्रिटनमध्ये आलं तेव्हा त्याला निकोटीन उतरवूनच यावं लागलं. ब्रिटनची भूमिका मला विचार करायला लावते. तिथली सरकारी आरोग्यसेवा सिगारेट सोडण्यासाठी वेप सुचवते आणि निकोटीन असलेल्या वेपनं सिगारेट सोडणाऱ्यांचं प्रमाण गोळ्या-पट्ट्यांपेक्षा जास्त असतं, याला संशोधनाचा चांगला आधार आहे. तीस वर्षं रोज पाकीट ओढणाऱ्यासाठी घशाला सौम्य सॉल्ट हा सिगारेटमधून बाहेर पडायचा दरवाजा ठरू शकतो. ज्यानं कधी काहीच ओढलं नाही त्याच्यासाठी तोच आत यायचा दरवाजा. मी फार्मसीच्या मुलांना शिकवलं आहे, त्यामुळे मला दोन्ही बाजू दिसतात, पण पंधरा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत माझ्या मनात दुसरी बाजू नाही.

तिसरा प्रकार कृत्रिम निकोटीनचा. पानातलं निकोटीन जवळजवळ सगळं 'एस' रूपातलं. प्रयोगशाळेत सोप्या पद्धतीनं बनवलं तर 'एस' आणि त्याची आरशातली प्रतिमा 'आर' निम्मं-निम्मं मिळतं. मेंदूत निकोटीन ज्या जागी चिकटून काम करतं त्या ग्राहींवर 'आर' बरंच दुबळं पडतं. निव्वळ 'एस' बनवायच्या पद्धतीही आहेत. निकोटीन प्रयोगशाळेत १९०४ मध्येच बनलं होतं, पण पानातून काढणं स्वस्त असल्यानं कुणी त्या वाटेला गेलं नाही. ती वाट उघडली कायद्यामुळे. अमेरिकेचा कायदा 'तंबाखूपासून बनलेल्या' उत्पादनांपुरता होता. २०२१ मध्ये 'पफ बार' हा ब्रँड कृत्रिम निकोटीनवर गेला आणि आम्ही तंबाखूत मोडतच नाही, असा पवित्रा घेतला. एप्रिल २०२२ पासून कायद्यात दुरुस्ती झाली, निकोटीन कुठूनही आलेलं असो, ते नियमाखाली. मग काय? २०२३ पासून तिथं ६-मिथाइल निकोटीन बाजारात आलं. रेणूला एक मिथाइल गट चिकटवला की कायद्याच्या व्याख्येतलं निकोटीन ते उरत नाही. माणसाच्या शरीरावर त्याचा दीर्घकाळ काय परिणाम होतो, याचा अभ्यासच झालेला नाही आणि ते मुलांच्या हातात पडतं आहे. मला सगळ्या प्रकारांत हा सर्वांत धास्तीचा वाटतो.

आपल्याकडे सप्टेंबर २०१९ मध्ये वटहुकूम आणि डिसेंबरमध्ये कायदा होऊन ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठा, जाहिरात सगळं बंद झालं. उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात यांच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आपल्या कायद्याची व्याख्या यंत्रावर बेतलेली आहे, द्रवात निकोटीन असो वा नसो, त्यामुळे मिथाइल गटाची ती पळवाट इथं चालत नाही. चोरून माल मिळतो, ही गोष्ट वेगळी. आणि चोरीच्या मालाच्या लेबलवर २० लिहिलंय म्हणून आत २० च असेल, याची हमी कोण देणार?

मघाशी एका पालकांनी चिठ्ठी पाठवली आहे: मुलाकडे असं काही सापडलं तर त्यात कोणतं निकोटीन आहे हे कसं ओळखायचं? घरी नाही ओळखता येत. लहान, बटण नसलेलं, ओढून झालं की फेकून द्यायचं यंत्र असेल तर बहुधा सॉल्ट, एवढाच अंदाज. पण घरात लहान बाळ असेल तर ते यंत्र किंवा द्रवाची बाटली आधी त्याच्या आवाक्याबाहेर ठेवा. अमेरिकेत २०१४ मध्ये एक वर्षाचं मूल असा द्रव पोटात जाऊन दगावलं, त्यानंतर तिथं बाटल्यांना मुलांना न उघडणारी झाकणं सक्तीची झाली. द्रव अंगावर सांडला तर लगेच भरपूर पाण्यानं धुवा, तो त्वचेतूनही आत जातो. पोटात गेला आणि उलट्या, लाळ, घाम, थरथर दिसली तर घरगुती उपाय करत बसू नका, दवाखाना गाठा. जाताना बाटली किंवा यंत्र बरोबर घ्या. फ्रीबेस की सॉल्ट, यानं डॉक्टरांचं फारसं अडणार नाही. मिलिलिटरला किती मिलिग्रॅम, किती द्रव कमी झाला आहे आणि मुलाचं वजन किती, हे ते आधी विचारतील.