आतून कडी

(दृश्य : पहाट. माळ. एका बैठ्या घराचं दार.)

या दाराला आतून कडी आहे.

कॅमेरा तिच्यावर जरा जास्तच रेंगाळलाय, हे आम्हालाही कळतंय. पण आत जो माणूस झोपलाय, तो तुरुंगात अकरा वर्षं ज्या दारांमागं झोपला त्या सगळ्यांना कड्या बाहेरून होत्या. जन्मठेपेचा कैदी आहे तो. अजूनही कैदीच आहे. आणि आता आतून कडी काढून तो स्वतःच बाहेर येईल.

(कडी निघते. दार उघडतं. पाठमोरा माणूस, हातात तांब्या.)

फिल्मभर आपण त्याला दादा म्हणू. नाव, गाव, बिल्ल्यावरचा नंबर यातलं काही दाखवणार नाही. चेहराही नाही. हात तेवढे दिसतील, आणि एक वही.

(दृश्य : वसाहतीचा रस्ता, दोन्ही बाजूंनी शेत.)

हे स्वतंत्रपूर. सांगली जिल्हा, आटपाडी तालुका. सरकारी कागदावर ‘खुली वसाहत’. भिंत नाही, बुरूज नाही. खुली कारागृहं महाराष्ट्रात आणखीही आहेत, पैठणला आहे, येरवड्याला आहे. इथलं वेगळेपण हे की कैदी बायकापोरांसह राहतो. तुरुंगात बिऱ्हाड थाटायचं, असा हा प्रकार.

ही कल्पना सुचली कुणाला, ते सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही.

(दृश्य : माळरान, दुपारचं ऊन, वावटळ.)

१९३९ साल. आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होती. राजे भवानराव पंतप्रतिनिधी, म्हणजे सूर्यनमस्कार घराघरात नेणारे औंधचे राजे. त्याच वर्षी त्यांनी गांधीजींच्या सल्ल्यानं आपला कारभार प्रजेच्या हाती दिला. राजानं आपणहून राज्य सोडायचं, तेही इंग्रजी अमलात! या सगळ्या खटाटोपात राजपुत्र अप्पासाहेब पंत होते, आणि त्यांच्याबरोबर वॉर्सात जन्मलेला एक इंजिनिअर. मॉरिस फ्रीडमन. खादी नेसायचे. भारतानंद या नावानंही ओळखले जायचे. धनुष तकली, म्हणजे सूत कातायचं साधं साधन, त्यांच्याच डोक्यातून आलेली. पुढं उतारवयात मुंबईत निसर्गदत्त महाराजांच्या पायाशी बसून त्यांचे संवाद इंग्रजीत आणणारे तेही हेच. एका माणसाच्या आयुष्यात किती माणसं मावतात!

तर या फ्रीडमननी राजाकडं कैदी मागितले. बेड्या नकोत, पहारा नको, उघड्या माळावर राहतील, शेती करतील, आणि मी त्यांच्यात राहीन. राजानं दिले. त्यांचं इथलं एकही छायाचित्र आम्हाला मिळालं नाही, म्हणून तुम्हाला माळच दाखवतोय. पण बघा, पळून जायचं ठरवलं तर अडवायला इथं काय होतं? बोरी-बाभळी.

१९४८ मध्ये संस्थान विलीन झालं. राजा गेला, वसाहत राहिली. १९५७ साली व्ही. शांताराम यांनी ‘दो आँखें बारह हाथ’ काढला, त्याची प्रेरणा हीच जागा. कथा गदिमांची, आणि गदिमा जन्मले याच तालुक्यातल्या शेटफळ्यात. सिनेमा बर्लिनला जाऊन बक्षीस घेऊन आला. त्यातलं ‘ऐ मालिक तेरे बंदे हम’ आजही शाळेच्या प्रार्थनेला होतं, पण शाळेतल्या कुणाला स्वतंत्रपूर कुठं आहे विचारा.

(दृश्य : स्वयंपाकघर. वहिनी भाकरी थापताहेत.)

वहिनी चार वर्षांपूर्वी इथं आल्या. त्याआधी अकरा वर्षं, रजेचे मोजके दिवस सोडले तर, नवऱ्याची भेट म्हणजे जाळीपलीकडचा चेहरा आणि ‘वेळ संपली’ची हाक.

पहिल्या रात्रीचं त्या सांगतात.

“दिवा बंद केला तर हे उठूनच बसले. म्हटलं, काय झालं? तर म्हणाले, अंधार झाला.”

बराकीत रात्रभर दिवा चालू असतो. पहाऱ्यावरच्या शिपायाला माणसं दिसली पाहिजेत, मोजता आली पाहिजेत. अकरा वर्षं त्या उजेडात झोपलेल्या माणसाला अंधारात झोप लागेना. पुढं कित्येक दिवस मोरीतला दिवा चालू ठेवावा लागला. आता लागत नाही.

(वहिनी तव्यावरची भाकरी पलटतात. शब्द नाहीत. वीस सेकंद.)

(दृश्य : दादांचे हात. वही.)

ही ती वही. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची, कोपरे झिजून गोल झालेले. प्रत्येक पानावर दोन रकाने. डावीकडं ‘प्रत्यक्ष’, उजवीकडं ‘माफी’.

माफी म्हणजे शिक्षेतली सूट. बंद कारागृहात चांगली वर्तणूक आणि काम यांवर महिन्याला काही दिवस मिळतात. खुल्या कारागृहात हिशेब एकदम सोपा होतो : एक दिवस काढला की एक दिवस माफ. महिन्याचे तीस, माफीचे तीस. म्हणून खुल्यात यायला रांग असते. निवड समितीपुढं जावं लागतं, आणि त्याआधी बंद कारागृहात वर्षानुवर्षं कोरी पाटी राखावी लागते. दादा संचित रजेवर पाच वेळा गावी गेले. पाचही वेळा ठरल्या तारखेला गेटवर हजर. हे सगळं फायलीत आहे.

वहीत आजची बेरीज : प्रत्यक्ष पंधरा, बंदमधली माफी तीन, खुल्यातली चार. एकूण बावीस वर्षं.

आता तुम्ही म्हणाल, पंधरा झाली ना? जन्मठेप तर चौदा वर्षांची असते!

(दृश्य : एसटी स्टँड, पारावर बसलेली माणसं.)

पारावर विचारा, सगळे हेच सांगतात. चूक आहे. जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत. १९६१ साली सर्वोच्च न्यायालयानं ते स्पष्ट केलं, आणि खटला आपल्याच राज्यातला होता : गोपाळ विनायक गोडसे विरुद्ध महाराष्ट्र राज्य. गांधीहत्येत जन्मठेप झालेल्या गोडसेंचं म्हणणं होतं, माफीचे दिवस धरून माझी वीस वर्षं भरली, आता सोडा. न्यायालय म्हणालं, माफी कितीही साठली तरी सरकारनं आदेश काढल्याशिवाय सुटका नाही. चौदाचा आकडा आला १९७८ मध्ये, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ४३३-अ कलमानं. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते त्यात जन्मठेप झाली, तर प्रत्यक्ष चौदा वर्षांच्या आत सोडता येत नाही, एवढंच ते कलम सांगतं. चौदा झाल्यावर सोडा असं त्यात कुठंही नाही. नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही तीच तरतूद आहे, कलम ४७५.

राज्यपालांकडं दयेचा अर्ज करता येतो, राज्यघटनेचा अनुच्छेद १६१. राष्ट्रपतींकडं ७२. पण राज्यपालांनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं चालायचं, हे १९८० पासून ठरलेलं आहे. दादांनीही असं एक पत्र लिहिलं होतं, येरवड्यातल्या एका शिकलेल्या कैद्याकडून. त्याचं पुढं काही झालं नाही. खरा रस्ता दुसरा, मुदतपूर्व सुटकेचा प्रस्ताव.

(दृश्य : कार्यालय. गठ्ठे, लाल फीत, शिक्का मारणारा हात.)

हे दृश्य एका सरकारी कार्यालयातलं आहे. कोणत्या, ते सांगत नाही. शूटिंगला परवानगी दिली हेच उपकार.

प्रस्ताव तयार होतो कारागृहात. निकालपत्राची प्रत, वर्तणुकीचा तक्ता, डॉक्टरांचा दाखला. मग पोलीस गावात जातात. हा सुटून आला तर गावात भांडण पेटेल का? पोलीस पाटलाला विचारतात, शेजाऱ्यांना विचारतात, मयताच्या नातेवाइकांना विचारतात. मग ज्या कोर्टानं शिक्षा दिली तिथल्या न्यायाधीशांचं मत. शिक्षा कुठल्या राज्यातल्या कोर्टानं दिली हे किती मोलाचं, ते बिल्किस बानो प्रकरणात देशानं पाहिलं. सामूहिक बलात्कार आणि खुनांत जन्मठेप झालेल्या अकरा जणांना गुजरात सरकारनं सोडलं होतं. खटला मुंबईत चालला, तेव्हा निर्णयाचा अधिकार महाराष्ट्राचा, असं सांगत सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२४ मध्ये ती सुटका रद्द केली. आमच्या मते बरोबरच केलं. पण तो गुन्हा आणि दादांचं बांधावरचं भांडण एका तराजूत घालू नये, एवढंच आमचं म्हणणं.

मत आलं की फाईल वर जाते. कारागृह मुख्यालय, मग मंत्रालयात गृह विभाग. तिथं वर्ग लागतो.

(दृश्य : पुन्हा वही. शेवटचं पान. ‘२४’ हा आकडा, गोल केलेला.)

वर्ग म्हणजे गुन्ह्याची प्रतवारी. १५ मार्च २०१० चे नियम बघा. रागाच्या भरात, न ठरवता, एकट्यानं केलेला खून : माफी धरून वीस वर्षं. ठरवून केलेला : बावीस. एकापेक्षा जास्त जणांनी मिळून केलेला : चोवीस. त्याच्या वरही पायऱ्या आहेत, सव्वीस, अठ्ठावीस, तीसपर्यंत.

दादांचं भांडण बांधाचं. भावकीतलं. चुलतभावानं नांगर एक तास, म्हणजे नांगराची एक रेघ, अलीकडं घातला, आणि त्या एका तासावरून हे घडलं. आरोपी दोघं, दादा आणि त्यांचा धाकटा भाऊ. सत्र न्यायालयात दोघांनाही जन्मठेप. धाकटा अपिलात निर्दोष सुटला, कारण तो तिथं होता हेच सिद्ध झालं नाही. म्हणजे निकालाप्रमाणं कृत्य एकट्याचं. तरी दादांना वर्ग लागला चोवीसचा, ‘एकापेक्षा जास्त’चा.

“मग दुसरा कोण, ताई?” दादा विचारतात. “तेवढं नाव सांगा म्हणावं.”

वर्ग लावणाऱ्यानं सत्र न्यायालयाचं निकालपत्र बघितलं असावं, अपिलाचं बघितलं नसावं. विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलांनी दोन्ही प्रती जोडून प्रस्ताव फेरविचाराला पाठवलाय. नाही जमलं तर उच्च न्यायालयात रिट याचिका. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की राज्याचं धोरण असेल तर कैद्यानं अर्ज केला नसला तरी विचार करणं सरकारचं काम आहे. इथं तर अर्ज होऊन, निर्णय होऊन, चुकीच्या खणात पडलाय.

वीसचा वर्ग लागला असता तर हा माणूस बावीसवर पोचायच्या आधीच घरी गेला असता. चोवीसला दोन वर्षं कमी आहेत. खुल्यात दोनाची एक होतात, म्हणजे आणखी एक पावसाळा.

(दृश्य : गाव. बंद दार. क्षणभर.)

ज्याचा जीव गेला त्याचं घर दादांच्या घरापासून दोन गल्ल्यांवर आहे. आम्ही गेलो होतो. बाईंनी पाणी दिलं, कॅमेऱ्याला नको म्हणाल्या.

(दृश्य : संध्याकाळ. हजेरी. पांढऱ्या टोप्या, पाठमोऱ्या.)

दिवस मावळायच्या आत हजेरी. नाव पुकारलं की ‘हजर’ म्हणायचं. घरून उठून जायचं, म्हणायचं, परत घरी यायचं. दादांची मुलगी बाप आत गेला तेव्हा चार वर्षांची होती. आता एकोणीसची, तालुक्याच्या कॉलेजात. सुट्टीत येते. पहिल्यांदा आली तेव्हा बापाला हजेरीला उभं राहिलेलं बघून आत गेली, ती जेवायलाच बाहेर आली. आता ती बापाची टोपी धुऊन वाळत घालते.

(दोरीवर टोपी. वारा.)

(दृश्य : शेत. पाटाचं पाणी. दादा खोऱ्यानं बारं मोडताहेत.)

टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी आल्यापासून आटपाडीचा माळ हिरवा दिसू लागलाय. फ्रीडमनना हे पाणी मिळालं नव्हतं. दादांच्या वाफ्यात मेथी आहे, वांगी आहेत, आणि कडेला एक डाळिंबाचं झाड. डाळिंबाला धरायला तीन वर्षं लागतात, असं ते लावताना कुणीतरी म्हणालं होतं. दादा म्हणाले, लावू द्या, पुढच्या बिऱ्हाडाला होईल. यंदा त्याला सात फळं आहेत.

प्रस्ताव कुठवर आलाय, विचारलं. जावक क्रमांक त्यांना पाठ आहे, तारखेसकट. एका दमात म्हणून दाखवला.

मग म्हणाले, “ताई, थांबा जरा, वाफा भरला,” आणि खोरं घेऊन उठले.