निक डेकॉसला उभं कुठे करायचं?

नमस्कार. सुरुवातीलाच सांगतो, मी तटस्थ नाही. फूटीत, म्हणजे आपल्या या ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये, मी मेलबर्नच्या कॉलिंगवुड क्लबचा. सभागृहात कार्लटनवाले, म्हणजे आमच्या जुन्या वैऱ्यांचे, किती आहेत? तीन-चार हात दिसतायत, आणि सगळे दाराजवळ. सवय असते, सामन्यातून लवकर निघायची. (हशा)

पत्रिकेवर विषय छापलाय: 'निक डेकॉस – जडणघडण आणि मधल्या फळीतली योग्य जागा'. निक म्हणजे आमच्या कॉलिंगवुडचा तरुण खेळाडू. माझं म्हणणं आधीच सांगून ठेवतो, कारण मी वाहवत जातो हे मंडळातल्या सगळ्यांना माहीत आहे. गुणी पोराला पहिल्याच वर्षी मैदानाच्या मधोमध सोडू नये. त्याला आधी मागे उभं करावं, खेळ समोरून येताना बघू द्यावा. आणि पुढे मधे आणलंच, तरी चेंडू त्याच्या हातात येईल तेव्हा त्याचं तोंड गोलकडे असेल अशी व्यवस्था करावी. एवढंच. आता हे सिद्ध करायचंय.

पण त्याआधी एक. भारतातून आई-वडील आले की आपण त्यांना एमसीजी दाखवायला नेतो. तिथे अजिंक्यची आठवण निघते. २०२०ची बॉक्सिंग डे कसोटी, ११२ धावा, ॲडलेडला ३६ धावांत गुंडाळले गेल्यानंतर आठवड्याभरात. सगळ्यांना पाठ आहे. त्या सामन्यात रहाणेला जे पदक मिळालं ते जॉनी मुलाघच्या नावाचं. हा मुलाघ कोण? १८६६च्या बॉक्सिंग डेला याच मैदानावर आदिवासी क्रिकेटपटूंचा जो संघ उतरला, त्यातला. आणि त्या संघाचा प्रशिक्षक होता टॉम विल्स. हाच विल्स १८५८ साली वर्तमानपत्रात पत्र लिहितो, की हिवाळ्यात क्रिकेटवाले सुस्तावतात, तेव्हा फुटबॉलचा क्लब काढा. पुढच्या वर्षी मे महिन्यात नियम लिहून झाले, मोजून दहा. म्हणजे आपल्या मुंबईकराच्या गळ्यातल्या पदकापासून निघालात तर दोन पावलांत फूटीच्या जन्माशी पोचता. तरीही मंडळाच्या सहलीत कोणीतरी विचारतंच, 'हे रग्बी का?' आता विल्स शिकला होता इंग्लंडातल्या रग्बी शाळेतच, त्यामुळे मी हल्ली भांडत नाही.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. आमचा धाकटा बारा वर्षांखालच्या संघात खेळायचा. क्लबचं नाव घेत नाही, इथे त्यांचे पालक बसलेले असतील. तिथला नियम एकच: जो सगळ्यात चांगला तो मधे, जो सगळ्यात वाईट तो मागच्या कोपऱ्यात. पूर्ण हंगाम आमचा धाकटा मागच्या कोपऱ्यात, गोलपोस्टशी गप्पा मारत. मधे कोण? प्रशिक्षकांचे चिरंजीव. (हशा) मी एकदा सौम्यपणे विचारलं, तर म्हणाले, 'तो जन्मजात सेंटर आहे.' अहो, बारा वर्षांचं मूल जन्मजात काही नसतं! शिवाय मागची जागा ही शिक्षा नाही, शाळा आहे. पण हे त्यांना कोण सांगणार? मी सांगितलं. पुढच्या वर्षी आम्ही क्लब बदलला.

असो. घराणेशाहीचा विषय निघालाच आहे. या खेळात ती नियमात लिहिलेली आहे. वडील एखाद्या क्लबकडून शंभर सामने खेळले असतील, तर मुलावर त्या क्लबचा पहिला हक्क. यामागे एक मोठी गोष्ट आहे, आणि ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाताच येत नाही.

रॉन बरॅसी, थोरला. मेलबर्न क्लबचा खेळाडू, १९४०च्या विजेत्या संघातला. युद्धावर गेला आणि जुलै १९४१मध्ये तोब्रुकला मारला गेला. मुलगा पाच वर्षांचा, त्याचंही नाव रॉन. थोरल्याचा संघातला सोबती नॉर्म स्मिथ पुढे मेलबर्नचा प्रशिक्षक झाला. मुलगा वयात आला तेव्हा आईने दुसरं लग्न केलं होतं आणि ती टास्मानियाला गेली होती. स्मिथने पोराला स्वतःच्या घरामागच्या खोलीत ठेवून घेतलं. पण त्या काळी खेळाडू राहतो त्या भागाचा जो क्लब, त्याचा होत असे, आणि हा पोरगा दुसऱ्याच क्लबांच्या हद्दीत येत होता. मेलबर्नने खटपट केली, बापाच्या क्लबात मुलाला येऊ द्या म्हणून. नियमाचा आधार मिळाला, आणि १९५३ला धाकटा बरॅसी त्याच लाल-निळ्या जर्सीत उतरला.

आणि काही जमेना! रकमन, म्हणजे उडी मारून चेंडू सोबत्यांकडे टोलवणारा, म्हणून उभा करावा तर उंची कमी. रोव्हर, म्हणजे खाली पडलेला चेंडू उचलून पळणारा, म्हणून खेळवावा तर अंगाने आडवा. दुसऱ्या कुणी पोराला घरी पाठवला असता. हा तर घरीच राहत होता, पाठवणार कुठे? (हशा) तेव्हा चेंडूमागे धावणारे तिघे असत: दोन उंच रकमन आणि एक छोटा रोव्हर. स्मिथने दुसऱ्या रकमनच्या जागी बरॅसीला आणला. उड्या त्याने मारायच्या नाहीत. भिडायचं रकमनसारखं आणि चेंडू खाली पडला की पळायचं रोव्हरसारखं. रक-रोव्हर ही जागा अशी रुजली. पोरगा जागेत बसत नव्हता, तर पोराच्या मापाने जागा बेतली. त्या जागेवरून बरॅसीने मेलबर्नकडून सहा विजेतेपदं मिळवली. पुढे तो गेला कार्लटनला, पण चांगल्या माणसांच्या हातूनही असं होतं. अंतिम सामन्यातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या पदकाला आज नॉर्म स्मिथचंच नाव आहे, आणि या स्मिथचं खरं कर्तृत्व…

चिठ्ठी आली. 'दहा मिनिटं. भात निवतोय.' बरं. दहा म्हणजे आपले बारा.

तर निक डेकॉस. वडील पीटर डेकॉस, कॉलिंगवुडकडून २५० सामने, ५४९ गोल, ३५ नंबरची जर्सी. तेही आधी मधल्या फळीतले, नंतर पुढे गेले, आणि १९९०ला ९७ गोल मारले. त्या वर्षी ३२ वर्षांचा दुष्काळ संपवून आम्ही विजेते ठरलो. थोरला मुलगा जॉश आधीच क्लबात होता. २०२१च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, गोल्ड कोस्ट क्लबने निकवर बोली लावली, कॉलिंगवुडने बापाचा हक्क सांगत ती बरोबरीत आणून चौथ्या क्रमांकावर त्याला घेतलं. अंगावर जर्सी तीच, ३५.

आता प्रशिक्षक क्रेग मॅक्रे यांनी काय केलं बघा. ज्युनिअर पातळीवर मधल्या फळीत धुमाकूळ घातलेला पोरगा, पण २०२२ला उभा केला हाफ-बॅकला, म्हणजे मागे, बचावफळीत. मागून खेळताना अख्खं मैदान समोर असतं. चेंडू येतो तो दिसत येतो, आपले कुठे मोकळे आहेत ते दिसतं. मधे मात्र चारी बाजूंनी माणसं अंगावर येतात आणि एकोणीस वर्षांचा पोर तिशीतल्या बाप्यांच्या खांद्यांखाली सापडतो. त्या वर्षी सर्वोत्तम नवोदिताचा, रायझिंग स्टार पुरस्कार त्यालाच मिळाला. २०२३मध्ये त्याला हळूहळू मधे सरकवला. शेवटच्या तीन फेऱ्या दुखापतीमुळे हुकल्या, तरी ब्राउनलोला, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या पदकाला, २८ मतं; विजेत्या लॅकी नीलला ३१. आणि त्याच वर्षी अंतिम सामन्यात एमसीजीवर लाखभर लोकांसमोर आम्ही ब्रिस्बेनला ९०-८६ हरवलं. त्यांचे गोल आमच्यापेक्षा एकने जास्त होते, पण थोडक्यात हुकलेल्या फटक्यालाही एक गुण मिळतो, बरं का! २०२४ला निकला ३८ मतं मिळाली. २०२१ला ३६ मतांवर पदक मिळालं होतं. याला ३८वर दुसरा नंबर, कारण पॅट्रिक क्रिप्सने ४५ घेतली. कार्लटनच्याच माणसाने! यावर मी बोलत नाही.

योग्य जागा कुठली, ते आता भराभर सांगतो. मधून खेळ सुरू होताना सेंटर स्क्वेअरमध्ये, म्हणजे मैदानाच्या मधल्या चौकोनात, प्रत्येक संघाचे चौघेच असतात: रकमन आणि तिघे. त्यांतल्या दोघांनी खाली वाकून चेंडू उकरायचा, ते काम आमच्या डी गोईसारख्या आडदांड माणसाचं. निक तिसरा. गर्दीच्या बाहेर, अर्धं पाऊल गोलकडे वळलेला, हँडबॉल, म्हणजे मुठीने मारलेला पास, झेलणारा. त्याला तळाशी वाकवलात तर त्याचे डोळे वाया गेले, आणि त्याच्या पायांइतकेच त्याचे डोळे महाग आहेत. विंगवर, म्हणजे मैदानाच्या कडेला, तर अजिबात नको, तिथे चेंडूची वाट बघण्यात अर्धा वेळ जातो.

आणि टॅगर, म्हणजे समोरच्या एकाच खेळाडूला चिकटून त्याला खेळू न देणारा. २०२३, हॉथॉर्नविरुद्धचा सामना. त्यांचा फिन मॅगिनेस दिवसभर करवलीसारखा त्याच्या पाठीशी. एरवी तिशीच्या घरात चेंडू मिळवणारा निक, त्या दिवशी पाच! आम्ही हरलो. त्याच सामन्यात त्याचा गुडघाही दुखावला, तेव्हा सगळं श्रेय मॅगिनेसला देऊ नका. हा फिनही बापाच्या पुण्याईवर हॉथॉर्नमध्ये आलेला, तेव्हा घराणी दोन्हीकडून होती. पण टॅग बसला की माझ्या मते निकला सरळ हाफ-बॅकला पाठवावा. टॅगर मागोमाग आला, तर त्यांचा एक माणूस मधून कमी झाला. नाही आला, तर निकला मैदान मोकळं. दोन्हीत आपलाच फायदा. म्हणून माझा हिशेब असा: तीन क्वार्टर मधे, एक मागे, आणि कुठलं क्वार्टर मागे ते समोरच्याने ठरवू नये, आपण ठरवावं.

विसाव्या वर्षी वेस्टर्न बुलडॉग्जचा बॉंटेंपेली कुठे खेळायचा, याचीही तुलना आणली होती, ती राहिली. दुसरी चिठ्ठी आली, हिच्यावर उद्गारचिन्ह आहे. एकच प्रश्न घेतो. हं, बोला वहिनी.