मोरीतलं रसायनशास्त्र

(कोथरूडमधल्या एका ज्येष्ठ नागरिक संघात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. संघाने मला विषय दिला आहे 'निरोगी सवयी आणि रोजच्या वापरातली घातक रसायनं'. विषय मोठा आणि चहा साडेसहाला, त्यामुळे निम्मा विषय मी आत्ताच सोडून देतो. लवकर उठा, चाला, गोड कमी खा हे तुमच्या डॉक्टरांनी, सुनेने आणि मोबाईलने तुम्हाला पुरेसं ऐकवलेलं आहे. मी नोकरीभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, तेव्हा बोलायचं तर रसायनांबद्दलच बोलतो.

आपल्याकडे या बाबतीत दोन पक्ष असतात. एक व्हॉट्सअ‍ॅप पक्ष. टूथपेस्टच्या ट्यूबवर खाली हिरवा पट्टा असला की माल नैसर्गिक आणि काळा असला की केमिकल, हा निरोप तुम्हा सगळ्यांना येऊन गेला असेल. तो पट्टा ट्यूब कुठे कापायची हे यंत्राला कळावं म्हणून छापलेला असतो. पेस्टशी त्याचा काडीचा संबंध नाही. दुसरा पक्ष 'आम्ही इतकी वर्षं वापरतोय, काय झालं आम्हाला?' असं विचारणाऱ्यांचा. हा पक्ष आज सभागृहात बहुमतात दिसतो आहे.

दोन्ही पक्षांचं भांडण डबीत काय आहे यावर चालतं. मला मात्र दिसतं ते असं, की घरात जी इजा होते ती बहुतेक वेळा आपण त्या डबीचं काय करतो त्यातून होते. आपण जाळतो, तापवतो, एकात एक मिसळतो, या बाटलीतलं त्या बाटलीत ओततो, आणि हे सगळं दारंखिडक्या लावून करतो. याला अपवाद आहेत, त्यांच्याकडे नंतर येतो.

सुरुवात मोरीपासून करू. संडास धुवायचं जे निळं द्रावण आपण आणतो, त्यात साधारण 10 टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. फरशीला, पांढऱ्या कपड्यांना वापरतात ते ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. एकेकटी वापरली तर दोन्ही आपापलं काम करतात. एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. हो, पहिल्या महायुद्धात सैनिकांवर सोडला होता तोच. आता कोथरूडच्या फ्लॅटमधली सकाळ आठवा. कामवाल्या मावशी संडासात गेल्या, दार लोटून घेतलं, भांड्यात निळं ओतलं, डाग जाईना म्हणून वर ब्लीच टाकलं. डोळ्यांत पाणी, घशात खवखव, ठसका. बाहेर आल्या आणि आपण म्हणतो, 'वास चांगलाच उग्र आहे, जंतू मेले असतील.' जंतूंचं राहू द्या, त्या बाईच्या फुप्फुसाचं अस्तर भाजलं जात होतं. ब्लीच आणि अमोनिया असलेला काचा पुसायचा स्प्रे एकत्र झाला तर क्लोरामाइन तयार होतं, तेही याच घराण्यातलं.

आणि हे मला जरा जोरात बोलायचं आहे. बाटली आपण आणतो, स्वस्त पडते म्हणून पाच लिटरचा कॅन आपण आणतो, आणि ती हुंगायला दुसरी बाई असते. तिला हातमोजे देणं, 'मावशी, या दोन बाटल्या एकत्र करायच्या नाहीत' असं समोर उभं राहून सांगणं, हा आरोग्याच्या सवयींचाच भाग आहे. माझ्या मते सर्वांत सोपा उपाय म्हणजे दोन्हींपैकी एकच घरात ठेवायचं. नसलेली गोष्ट कोणी मिसळू शकत नाही.

सुटं अ‍ॅसिड आणि सुटं फिनेल हा आणखी एक प्रकार. अ‍ॅसिड हल्ल्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली सुट्या अ‍ॅसिडच्या विक्रीवर निर्बंध घातले, तरी कोल्ड्रिंकच्या जुन्या बाटलीत ते घरी येतंच. नातवंडाला ती बाटली कशाची वाटणार? अशा वेळी काही मंडळी मिठाचं पाणी पाजून उलटी करवतात. अ‍ॅसिड, फिनेल किंवा रॉकेल पोटात गेलं असेल तर उलटी करवायची नाही. जाताना जे भाजलं ते वर येताना पुन्हा भाजतं, आणि रॉकेल छातीत उतरतं. 108 ला फोन करायचा आणि बाटली दवाखान्यात बरोबर न्यायची.

मोरीतला दुसरा धोका बाटलीत नसतो, भिंतीवर असतो. गॅस गिझर. पुण्यात दर थंडीत कुठून ना कुठून बातमी येते, अंघोळीला गेलेला माणूस बाहेर आला नाही. घडतं ते असं. गॅस नीट जळायला भरपूर हवा लागते. आपली मोरी चार बाय पाचची. डिसेंबरात वरच्या झरोक्यातून गार वारा येतो म्हणून कोणीतरी तिथे पुठ्ठा खोचून ठेवलेला असतो, एक्झॉस्ट फॅन आवाज करतो म्हणून बंद, दाराला आतून कडी. गिझर पेटला की तो त्याच हवेवर जळत राहतो. हवा कमी पडली की ज्वलन अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून अधिक घट्ट धरून बसतो. आधी डोकं जड होतं, मग पायातलं बळ जातं. 'गरम पाण्याने जरा सुस्ती आली' असं वाटतं, आणि कडीपर्यंत हात पोचत नाही. एखादा तगडा तरुण पंधरा मिनिटांत जातो आणि घरचे म्हणतात, हार्ट अ‍ॅटॅक असेल.

म्हणून गॅस गिझर मोरीच्या बाहेर, मोकळ्या हवेच्या डक्टमध्ये किंवा बाल्कनीत हवा आणि आत फक्त पाण्याची नळी यायला हवी. हे एक काम तुम्ही या आठवड्यात केलंत आणि बाकीचं सगळं भाषण विसरलात तरी माझी तक्रार नाही. बाळंतिणीच्या खोलीतली शेक-शेगडी याच जातीची. ओवा-शेपाची धुरी कितीही सुगंधी असली, तरी बंद खोलीतले निखारे तेच करतात जे गिझर करतो.

आता डासांची कॉइल. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चीन आणि मलेशियातल्या कॉइलचा धूर मोजला होता. एक कॉइल पूर्ण जळली की सूक्ष्म धूलिकण निघतात ते 75 ते 137 सिगारेटींइतके. जे गृहस्थ जन्मात विडीला शिवले नाहीत, ते रात्रभर उशाशी हे लावून झोपतात. पण म्हणून डासांकडे दुर्लक्ष करा असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे डेंग्यू आहे, चिकुनगुनिया आहे, 2024 मध्ये एरंडवण्यात झिकाचे रुग्ण निघाले. मच्छरदाणी लावा. खिडक्यांना जाळी बसवा. कुंडीखालच्या ताटल्या आणि फ्रिजच्या मागचा ट्रे आठवड्यातून एकदा रिकामा करून घासा. मच्छरदाणीला आपल्या मध्यमवर्गाने गावंढळ का ठरवलं, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

धुराचं निघालंच आहे तर दिवाळीचंही सांगतो. आपल्याच पुण्यातल्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांबरोबर फटाक्यांचा धूर मोजला. लवंगी माळ, फुलबाजी, पाऊस, भुईचक्र या सगळ्यांत सूक्ष्म कणांचा उच्चांक कोणी गाठला? सापाच्या गोळीने. आवाज नाही, ठिणगी नाही, म्हणून सर्वांत लहान पोराच्या हातात आपण तीच देतो, आणि ते पोर नाक लावून साप बघत बसतं.

देवघरात आणि ट्रंकेत वळू. कापूर खडीसाखरेसारखा दिसतो आणि देवघर मुलांच्या उंचीवर असतं. लहान मुलाने थोडा जरी गिळला तरी काही मिनिटांत झटके येऊ शकतात. सर्दी झाली म्हणून तान्ह्या बाळाच्या छातीला कापूर घातलेलं खोबरेल चोळणाऱ्या आज्या इथे असतील. प्रेमाने करता हे मान्य, पण करू नका. डांबरगोळ्यांचं आणखी वेगळं. त्या हवेत विरून जातात म्हणून तर लहान होत जातात. वास येतोय याचा अर्थ ती गोळी आत्ता तुमच्या नाकात आहे. त्यातल्या नॅफ्थलीनमुळे जी6पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्या बाळांच्या तांबड्या पेशी फुटतात, कावीळ होते. आणि आपण काय करतो, वर्षभर डांबरगोळीत ठेवलेली आजीची गोधडी बाळाला घरी आणल्याच्या दिवशी काढतो. दोन दिवस ऊन द्या, धुवा, मग वापरा. ट्रंकेत कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवला तरी काम भागतं.

आता अपवाद. शिसं आणि पारा. इथे कसं वापरता याला अर्थ नाही, ते घरात यायलाच नको. 2023 मध्ये केरळात मलप्पुरमला मूत्रपिंडाच्या एका विकाराचे रुग्ण एकामागून एक यायला लागले. पायाला सूज, लघवीतून प्रथिनं जाताहेत. डॉक्टरांनी खोदून विचारलं तर बरेच जण एकाच प्रकारची वस्तू वापरत होते, गोरं करणारं क्रीम. त्यात पारा होता. ज्या क्रीमवर उत्पादकाचा पत्ता नाही, घटकांची यादी नाही आणि आठवड्यात उजळपणाची हमी आहे, ते पार्लरवालीने दिलं काय किंवा लग्नाआधी मैत्रिणीने दिलं काय, कचऱ्यात टाका. सावळ्या मुलीला गोरं करण्याची हौस हा रोग क्रीमच्या आधीचा आहे, पण तो रसायनशास्त्राच्या कक्षेत येत नाही.

शिशाची सुरक्षित पातळी अशी नसतेच. 2000 साली पेट्रोलमधून ते गेलं, आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून घरगुती रंगात ते 90 पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांच्या, वर चालत नाही. पण पेठांमधल्या वाड्यांच्या खिडक्या, जुने पलंग, गॅलरीचे कठडे त्याआधी रंगवलेले आहेत. गणपतीआधी रंग काढायचा झाला तर कोरडा घासू नका, पाणी मारून घासा, आणि पोरांना तेवढे दोन दिवस मामाकडे पाठवा. पारंपरिक शेंदूर हा शिशाचाच ऑक्साइड आहे. देवाला वाहिलात तर हरकत नाही, पण हात साबणाने धुतल्याशिवाय प्रसाद वाटू नका. हळद फार झगझगीत पिवळी दिसावी म्हणून लेड क्रोमेट घालणारे महाभाग असतात. हळकुंड आणून दळून घेतलंत तर सुटलात.

खाण्याच्या गोष्टी भराभर सांगतो. वर्तमानपत्रात वडा बांधून देण्याला अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 2018 च्या नियमांनी मनाई आहे, कारण गरम तेल शाई सोडवतं. स्टीलचा डबा न्या. कागदी कपाला आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांना 100 मिलिलिटर गरम पाणी 15 मिनिटं ठेवल्यावर त्यात सुमारे 25,000 सूक्ष्म कण आढळले. पंधरा मिनिटं कपात चहा कोण ठेवतं, म्हणाल. अमृततुल्याबाहेर गप्पा मारणारे ठेवतात! काचेचा ग्लास मागा. नॉनस्टिक तवा रिकामा तापत ठेवू नका. आणि मार्चमध्ये पिवळाधमक आंबा दिसला तर आधी वास घ्या. वास नाही, साल पिवळी आणि कोयीजवळ आंबट, तर तो कार्बाइडच्या पुडीवर पिकवलेला असण्याची शक्यता दाट. त्यावर बंदी आहे, कारण त्यात आर्सेनिकचे अंश असतात. कच्चा आणा, घरी आढी घाला, मे महिन्यात खा.

सवयींचं काय, हा प्रश्न उरतो. माझं निरीक्षण आहे की निर्धाराने सवय लागत नाही, वस्तूची जागा बदलली की लागते. डबा फडताळात असेल तर तो वड्याच्या गाडीपर्यंत पोचत नाही. स्कूटरच्या डिकीत ठेवा, पोचतो. एक्झॉस्ट फॅनचं बटण मोरीच्या दिव्याच्या बटणालाच जोडून घ्या, वायरमन अर्ध्या तासात करून देतो. अक्षरं बारीक आहेत म्हणून डबीवरचं वाचत नसाल, तर मोबाईलने फोटो काढून मोठा करा. फॉरवर्ड वाचायला डोळे चालतात तर हेही वाचता येईल.

वेळ होत आली. प्रश्न असतील तर विचारा.

(श्रोत्यांतून एका ताईंनी केसांच्या कलपाविषयी विचारलं.) कलपात पीपीडी नावाचा रंग असतो. 'काळी मेंदी' म्हणून मिळते तिच्यातही बहुधा तोच असतो, मेंदीचा स्वतःचा रंग काळा नाही. दर वेळी लावण्याआधी कानामागे थेंब लावून 48 तास थांबा. एकदा जरी खाज सुटून पापण्या सुजल्या असतील, तर पुढच्या वेळी जास्त सुजतील. कंपनी बदलून उपयोग नाही, कलपच सोडा. पांढरे केस तुम्हाला छान दिसतील, ताई.

(एका काकांनी विचारलं, त्यांचा गिझर मोरीतच आहे, सोसायटी डक्टमध्ये बसवू देत नाही, प्लंबर पुढच्या महिन्यात येणार.) सोसायटीला लेखी पत्र द्या, पोच घ्या. झरोक्यातला पुठ्ठा आज घरी गेल्या गेल्या काढा. आणि प्लंबर येईपर्यंत दार सताड उघडं ठेवून बादली भरायची, गिझर बंद करायचा, सिलिंडरचा कॉकही बंद करायचा, पाच मिनिटं पंखा चालवायचा, आणि मग आत जाऊन कडी लावायची. पाहुण्यांनासुद्धा हेच सांगायचं, कारण त्यांना तुमच्या गिझरची कल्पना नसते.