मोरपिसांमागचा मलुंगा

[पडद्यावर: वाद्याची जवळून दृश्यं. निवेदनाआधी थोडा वेळ फक्त आवाज.]

वाकवलेली एक काठी. तिच्या दोन टोकांना ताणून बांधलेली एकच तार. ही तार मध्येच दोरीने काठीकडे खेचून धरली आहे, म्हणून एका तारेचे दोन भाग पडतात आणि दोन वेगळे सूर निघतात. तिथेच वाळलेला भोपळा बांधलाय. वादक भोपळ्याचं तोंड अंगाशी धरतो, जरा लांब नेतो, परत जवळ आणतो. आवाज कधी मोकळा, कधी दबका. दुसऱ्या हातात बारीक काडी आणि त्याच मुठीत एक खुळखुळा. म्हणजे तार, ठेका आणि भोपळ्याची घूम, सगळं एकट्या माणसाकडे.

हा मलुंगा. गुजरातच्या सिद्दी, म्हणजे आफ्रिकी वंशाच्या फकिरांचं वाद्य. ब्राझीलमध्ये कापोएरा या झुंजीच्या नाचाच्या रिंगणात बेरिंबाउ वाजतो, तो याचा लांबचा भाऊबंद. आफ्रिकेतून बळजबरीने नेलेल्या माणसांबरोबर अशी धनुष्यं एका बाजूला अटलांटिक ओलांडून गेली, दुसऱ्या बाजूला अरबी समुद्र.

[पडद्यावर: मोबाइलवर एकामागून एक सरकणारे नाचाचे व्हिडिओ]

पण सिद्दींचं संगीत म्हणून आपल्या फोनवर येतं ते वेगळंच. मोरपिसांचा घेर, रंगवलेले चेहरे, हवेत उंच उडवलेला नारळ आणि तो डोक्यावर झेलून केलेली त्याची शकलं. अर्ध्या मिनिटात संपतं, टाळ्या पडतात. त्यात खोटं काहीच नाही. स्टेजवरची ‘धमाल’ (सिद्दींच्या नाचगाण्याचं हेच नाव) सिद्दींनीच घडवली आहे आणि तिच्यावर कित्येकांचं घर चालतं. कॅमेरा मात्र बहुतेक वेळा तिथेच थांबतो, आणि मग बघणाऱ्याला वाटतं की हे एवढंच असणार.

[पडद्यावर: रतनपूरची टेकडी, दर्ग्याकडे जाणारी वाट]

भरूच जिल्ह्यातलं रतनपूर. झगडिया तालुका. टेकडीवर बावा गोरचा दर्गा आहे. बावा गोर, त्याचा भाऊ बावा हबश आणि बहीण माई मिस्रा, हे तिघं आफ्रिकेतून आले असं सिद्दी सांगतात. याच भागात अकीक हा मण्यांचा दगड सापडतो. पिवळट दगड मडक्यात घालून मंद विस्तवावर भाजला की लाल होतो. पुढे खंभातचे कारागीर त्याचे मणी करतात. हे मणी कित्येक शतकं जहाजांतून पूर्व आफ्रिकेला जात होते. अकीकाचा हा धंदा बावा गोरनेच इथे आणला, अशी श्रद्धा आहे. माणसं त्या किनाऱ्यावरून इकडे आली आणि इथले मणी तिकडे गेले. सिद्दींचा हा पीर फक्त सिद्दींचाही राहिलेला नाही. हिंदू येतात, मुसलमान येतात, मुंबई-गुजरातचे पारशीसुद्धा त्याला मानतात.

इथे वाजतो तो गोमा. पूर्व आफ्रिकेत ढोल, नाच आणि त्याभोवतीचा विधी या सगळ्याला मिळून ‘ङ्गोमा’ म्हणतात. गोमा त्यातूनच आला. ढोलांमध्ये मान मुगरमानचा. पाय असलेला उंच ढोल, जमिनीवर उभा ठेवून वाजवायचा. माई मिस्राच्या नावाचा खुळखुळा करवंटीचा, वर कापड शिवलेलं. या वाद्यांना धूप दाखवतात. ती पिराची मानली जातात. वाजवणारा हात तेवढा आपला.

धमाल दोन तऱ्हेची. एक बैठी: लोक बसून पिराची गाणी म्हणतात, एक जण ओळ टाकतो, बाकीचे उचलतात. दुसरी उभी, नाचाची. लय चढत जाते, आणि कुणाच्या तरी अंगात पीर येतो. त्याला हाजरी म्हणतात. आपल्याकडे जागरण-गोंधळ पाहिलेल्या माणसाला हे फार समजावून सांगावं लागत नाही. बाहेरून आलेले माहितीपटवाले मात्र इथेच गोंधळतात. काहींना फक्त आफ्रिका दिसते, काहींना फक्त सुफी दर्गा. गाणारा सिद्दी असा हिशेब करत बसत नाही. तो हजेरी लावायला आलेला असतो.

आणि यात हसणं भरपूर आहे. नाचणारे तोंडं वेडावतात, प्रेक्षकांची चेष्टा करतात. भक्ती म्हणजे गंभीर चेहरा, ही आपली समजूत इथे चालत नाही.

[पडद्यावर: संग्रहातली छायाचित्रं, ध्वनिमुद्रणाची यंत्रं]

नझीर जैराजभॉय हे नाव उत्तर हिंदुस्थानी रागांच्या अभ्यासकांना परिचयाचं. 1971 साली रागांवर ग्रंथ लिहिणारा हा संगीतशास्त्रज्ञ पुढे ॲमी कॅटलिन-जैराजभॉय यांच्याबरोबर सिद्दींच्या संगीताकडे वळला. 2003 साली दोघांचा माहितीपट आला: ‘फ्रॉम आफ्रिका टू इंडिया: सिदी म्युझिक इन द इंडियन ओशन डायस्पोरा’. नाचाच्या गडबडीत हरवणारा मलुंगा या दोघांनी पुढे आणला. बेहरोझ श्रॉफ यांनी गुजरात-मुंबईच्या सिद्दींवर लघुपट केले. त्यांचा भर सिद्दींच्या स्वतःच्या बोलण्यावर. माझं मत विचाराल तर अशा विषयात हीच रीत बरी. गाण्याचा अर्थ गाणाऱ्यालाच विचारावा.

मलुंगा मागे का पडला, तेही अशा बोलण्यातूनच कळतं. तो फिरत्या फकिराचा सोबती. गावोगाव जायचं, पिराची गाणी म्हणायची, मिळेल ती खैरात घ्यायची. हे फिरणं आटलं आणि वाद्यही आटलं. स्टेजवर ढोलांच्या दणक्यात एका तारेचा आवाज पोचतच नाही. आता मलुंगा वाजवणारे फार थोडे उरले आहेत.

[पडद्यावर: समुद्रातून दिसणारा जंजिरा]

मराठी प्रेक्षकाला सिद्दी भेटतो तो इतिहासाच्या पुस्तकात. जंजिऱ्याचा सिद्दी. किंवा खडकी, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, वसवणारा मलिक अंबर, आज खुलताबादेत विसावलेला. जंजिऱ्याची नवाबी 1948 पर्यंत टिकली. लढाया, तोफा, तह, सगळं आपल्याला पाठ. पण राज्य करणारे सिद्दी मूठभर होते. बाकीचे शिपाई, खलाशी, घरकामाचे गुलाम. गाणी या बाकीच्यांनी जपली, आणि ही माणसं बखरीत फारशी येत नाहीत.

[पडद्यावर: उत्तर कन्नडचं जंगल, यल्लापूर-हळियाळचा परिसर]

कर्नाटकातले सिद्दी मराठी माणसाला आणखी जवळचे. त्यांतल्या बऱ्याच जणांचे पूर्वज पोर्तुगीजांच्या गोव्यातून निसटून या जंगलात आलेले. कुणी हिंदू, कुणी ख्रिस्ती, कुणी मुसलमान. बोली कोकणीच्या वळणाची. तिथे दमाम नावाचा ढोल घुमतो, आणि बायका फुगडी घालतात. हो, फुगडीच. ‘अस्सल आफ्रिकी’ काय ते शोधायला निघालेला कॅमेरा फुगडी दिसली की बंद होतो. आम्ही चालू ठेवला.

[पडद्यावर: रतनपूर, बायकांची बैठक]

दर्ग्यातली एक बाजू कॅमेरा घेऊन आलेल्या पुरुषांना सहसा दिसत नाही. माई मिस्राच्या नावाची खिचडी. मूल व्हावं म्हणून नवस बोलायचा, खिचडी शिजवायची, बायकांनी मिळून खायची. ढोलावर हात बायकांचा, गाणंही त्यांचंच.

पुढची दोन मिनिटं निवेदन नाही. बैठी धमाल आहे, मध्ये कुठेही कापलेली नाही. सुरुवातीला लय संथ वाटेल, रील पुढे ढकलायला बोट शिवशिवेल. ढकलू नका. पहिली ओळ कोण टाकतो ते बघा, मग खुळखुळ्याकडे कान द्या. तो ढोलाच्या किंचित आधी पडतोय की नंतर, ते तुमचं तुम्हीच ठरवा.

[निवेदन समाप्त. बैठी धमाल, सलग.]