नारळाला बोल लावण्याआधी टीएसएच बघा

एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १८० आलं की घरात पहिली गदा येते ती नारळावर. आमटीतलं वाटण जातं, सोलकढी बंद होते, आणि तीन महिन्यांनी पुन्हा रिपोर्ट काढावा तर आकडा जागच्या जागी. नारळातल्या स्निग्धांशाने एलडीएल वाढतं हे खरं आहे, त्याची वकिली मला करायची नाही. पण गळ्यातली थायरॉइड ग्रंथी मंदावली असेल, तर नुसतं वाटण सोडून हा आकडा हलत नाही. ती मंदावली की रक्तातलं टीएसएच चढतं, म्हणून आधी ती तपासणी.

यकृताच्या पेशींवर एलडीएलचे कण धरून आत ओढणारे रेणू असतात. त्यांना जाळी समजा. ही जाळी विणायचा हुकूम टी-३ हे थायरॉइडचं संप्रेरक देतं. ते कमी पडलं की शरीर कोलेस्टेरॉल तयारही थोडं कमीच करतं, पण ते उपसणारी जाळी त्याहून जास्त घटतात. म्हणून ते रक्तात साचत राहतं. अशा वेळी टीएसएच न बघता स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारं औषध, सुरू केलं तर दुसरंच दुखणं उभं राहतं. थायरॉइड कमी असताना स्नायू आधीच आखडलेले असतात, रक्तात सीपीके (स्नायूंच्या इजेची खूण) वाढलेलं असतं, आणि त्यात स्टॅटिनने स्नायूंना इजा होण्याचा धोका वाढतो. पोटऱ्या दुखायला लागल्या की माणूस गोळी सोडून देतो आणि दोन्ही आजार तसेच राहतात. ज्यांची स्टॅटिन आधीपासून चालू आहे त्यांनी मात्र ती आपल्या मनाने बंद करू नये.

आता धमनीच्या भिंतीकडे बघू. टी-३मुळे त्या भिंतीतला स्नायू सैल राहतो. आतलं अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं, त्यानेही स्नायू सैलावतो. थायरॉइड मंदावलं की दोन्ही आधार कमी होतात आणि धमनी आवळलेली, ताठर राहते. बीपीत हे खालच्या आकड्यात दिसतं. १३२/९६ असं काही, आणि नाडी ५८. हृदयही मंद चालत असल्याने वरचा आकडा फारसा चढत नाही. आपल्याकडे बहुतेकांना वरचाच आकडा पाठ असतो, म्हणून हे नजरेतून सुटतं.

थायरॉइडच्या दुखण्यात दाहाचं, म्हणजे आतल्या सुजेचं, काय? १९१२ साली हाकारु हाशिमोतो या जपानी शल्यचिकित्सकाने थायरॉइडच्या ज्या आजाराचं वर्णन केलं, त्यात शरीराच्याच पांढऱ्या पेशी ग्रंथीत घुसून ती हळूहळू पोखरतात. आयोडीनयुक्त मीठ घरोघरी पोचल्यावर थायरॉइड मंदावण्याचं हेच नेहमीचं कारण आहे. अँटी-टीपीओ ही ग्रंथीविरुद्धच्या प्रतिपिंडांची तपासणी त्याचीच. ती एकदा पॉझिटिव्ह आली की पुन्हा पुन्हा पैसे घालवू नका, उपचार त्या आकड्यावर ठरत नाहीत. काही रुग्णांत सीआरपी ही रक्तातली दाहाची खूणही थोडी वाढलेली सापडते, पण ती वजनाने वाढते, हिरड्या सुजल्या तरी वाढते, आणि थायरॉइडच्या गोळीने ती उतरेलच अशी खात्री नाही. म्हणून दाह कमी करणारं म्हणून विकलं जाणारं चूर्ण किंवा समुद्री शेवाळाच्या गोळ्या घेऊ नका. शेवाळातलं भरमसाट आयोडीन हाशिमोतोची ग्रंथी आणखी मंद करू शकतं.

मिठाचं थोडक्यात. सिंधुदुर्गातल्या शिरोड्याच्या मिठागरांचा १९३०चा सत्याग्रह आपल्या अभिमानाचा आहे. पण खडं मीठ समुद्राचं म्हणून त्यात आयोडीन भरपूर असतं, हा समज चुकीचा आहे. पाणी आटताना ते मिठात फारसं उतरत नाही. मासे खारवायला खडं मीठ घ्या, जेवणात आयोडीनयुक्तच घाला.

खरी गफलत होते ती गोळी घेण्यात. ग्रंथी जवळजवळ बंद पडली असेल तर थायरॉक्सिन (गोळीतलं थायरॉइडचं संप्रेरक, टी-४) दर किलो वजनामागे साधारण १.६ मायक्रोग्रॅम लागतं, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १०० मायक्रोग्रॅमच्या आसपास. गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा ते एक तास चहाही नाही. पेज तर नाहीच. पहाटे होडी लोटणाऱ्याला हे जमत नसेल तर रात्रीच्या जेवणानंतर तीन तासांनी झोपताना घ्यावी, पण मग रोज तेव्हाच. लोह, कॅल्शियम आणि पित्ताची औषधं यांच्यात चार तासांचं अंतर हवं. गरोदर बाईला लोह आणि कॅल्शियम दोन्ही चालू असतं, शिवाय तिची गरज पाव हिश्शाने तरी वाढते. दिवस राहिल्याचं कळताच तिने डॉक्टरांना सांगावं.

आषाढात बरणीतलं मीठ पाझरायला लागतं, त्या हवेत ही गोळीही ओल धरते आणि तिचा जोर कमी होतो. गोळ्या मूळ बाटलीतच ठेवा, झाकण घट्ट लावा, आतली ओलशोषक पुडी फेकू नका. चुलीवरची फळी आणि न्हाणीघर सोडून कुठेही चालेल.

डोस बदलला की टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनी तपासा. थायरॉक्सिन रक्तात निम्मं व्हायला आठवडा लागतो, त्याआधीचा आकडा फसवा. लेप्टो किंवा डेंग्यूच्या तापात थायरॉइड तपासू नका. दाहामुळे टी-४चं टी-३ होणं मंदावतं आणि बरं होताना टीएसएच तात्पुरतं वाढतं, म्हणून ताप उतरल्यावर सहा आठवडे थांबा. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर तपासणीआधी दोन दिवस बंद ठेवा.

टीएसएच १०च्या वर असेल तर सहसा गोळी लागते. सत्तरीच्या माणसाचं ६ किंवा ७ असेल तर घाई नको, वयाबरोबर ते थोडं चढतंच. हृदयविकार असलेल्याला १२.५ किंवा २५ मायक्रोग्रॅमपासून हळूहळू वर नेतात, कारण जास्त झालेल्या डोसाने नाडी अनियमित होते आणि हाडं ठिसूळ होतात.

टीएसएच जागेवर आल्यावर दोन-तीन महिन्यांनी कोलेस्टेरॉल पुन्हा तपासा. तरीही एलडीएल चढंच राहिलं तर ते थायरॉइडच्या खात्यातलं नाही. मग वाटण कमी करायचं आणि स्टॅटिनचं डॉक्टरांशी बोलायचं.