एक यूएसआर, दोन बिन: लिनक्सच्या फोल्डरांची जुनी भानगड

उबंटूमध्ये, म्हणजे लिनक्सच्या एका प्रकारात, टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडा, एलएस, स्पेस, हायफन एल, स्पेस, स्लॅश टाइप करा आणि एंटर मारा. बिन, ईटीसी, होम, प्रॉक, यूएसआर, वार... भराभर नावं येतात. विंडोजवाला पहिल्यांदा हेच विचारतो, सी ड्राइव्ह कुठंय? नाहीये. इथे सगळं एकाच स्लॅशखाली, पेनड्राइव्ह लावला तरी तो त्यातल्याच कुठल्यातरी फोल्डरवर माउंट होतो, म्हणजे जोडला जातो.

आता बिनची, म्हणजे प्रोग्रॅम ठेवायच्या फोल्डरची ओळ नीट बघा, शेवटी एक बाण आहे आणि बाणापुढे यूएसआर स्लॅश बिन. म्हणजे हे फोल्डर नाहीच, नुसती दुकानाबाहेरची पाटी, माल सगळा आत यूएसआरमध्ये.

ही पाटी का लागली? त्यासाठी न्यू जर्सीतल्या बेल लॅब्स या संशोधन संस्थेत जाऊया. 1970 नंतरची सुरुवातीची वर्षं, केन थॉम्पसन आणि डेनिस रिची पीडीपी-11 या कॉम्प्युटरवर युनिक्स घडवतायत, लिनक्स ज्याच्या धर्तीवर बनलं ती सिस्टिम. 1974 च्या त्यांच्या पेपरमध्ये मशीनचं वर्णनच दिलंय, एक फास्ट पण छोटी डिस्क 1 एमबीची, 2.5 एमबीच्या चार, आणि एक मोठी 40 एमबीची. आज मोबाइलने काढलेला एक फोटोसुद्धा बऱ्याचदा 1 एमबीत मावत नाही! तर रूट म्हणजे मूळ सिस्टिम छोट्या डिस्कवर, आणि माणसांच्या फाइली दुसऱ्या, मोठ्या डिस्कवर, ती यूएसआर, म्हणजे यूजर. केनचं घर यूएसआर स्लॅश केन, रिचीचं यूएसआर स्लॅश डीएमआर.

मग व्हायचं तेच झालं, सिस्टिम वाढत गेली, छोट्या डिस्कवर जागा पुरेना, आणि प्रोग्रॅम यूएसआरमध्ये घुसले, तिथे दुसरं बिन, दुसरं लिब (प्रोग्रॅमना लागणाऱ्या लायब्ररींचं फोल्डर). पण सगळंच तिकडे हलवता येईना, कारण दुसरी डिस्क जोडणारी माउंट कमांडच त्या दुसऱ्या डिस्कवर ठेवली तर मशीन सुरू कसं होणार? म्हणून बूटला लागेल तेवढं पहिल्या बिनमध्ये, बाकीचं दुसऱ्यात. पुढे माणसं होममध्ये राहायला गेली आणि ज्यांच्यासाठी यूएसआर होतं ते सोडून सगळं यूएसआरमध्ये उरलं.

ईटीसीत सेटिंगच्या फाइली, त्यात फार सांगण्यासारखं काही नाही. वारचं कारण मात्र मस्त आहे. ऐंशीच्या दशकात सन कंपनीची स्वतःची डिस्क नसलेली वर्कस्टेशन्स आली, यूएसआर नेटवर्कवरून सगळ्यांना एकच, त्यामुळे ते फक्त वाचायचं, मग रोज बदलणारे लॉग, प्रिंटची रांग, मेल हे ठेवायचं कुठे? वारमध्ये. आणि प्रॉक तर डिस्कवर नसतंच, त्यातली सीपीयूइन्फो फाइल 0 बाइटची दिसते पण उघडली की प्रोसेसरची सगळी माहिती, कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ती तिथल्या तिथे लिहून देतो.

लिनक्समध्ये जो तो आपल्या मनाने फोल्डर मांडायला लागला तेव्हा 14 फेब्रुवारी 1994 ला कुठल्या फोल्डरात काय ठेवायचं याचं एक स्टँडर्ड आलं, त्याचंच पुढे नाव एफएचएस, 3.0 आवृत्ती 2015 ची. त्यात दोन बिनचं रीतसर कारणही लिहिलंय, बूट आणि दुरुस्तीला लागणारं वेगळं ठेवा म्हणून. डिस्कची टंचाई संपून जमाना झाला होता, नियम राहिला. तरी त्याला अगदीच अर्थ नव्हता असं मी म्हणणार नाही, यूएसआर वेगळ्या पार्टिशनवर, म्हणजे डिस्कच्या वेगळ्या भागावर असेल आणि ते बिघडलं तर पहिल्या बिनवरच दुरुस्ती व्हायची. नंतर ते काम इनिटरामएफएस करायला लागलं, मेमरीतली छोटी तात्पुरती सिस्टिम, मग दोन बिन हवेत कशाला?

फेडोरा या लिनक्सच्या प्रकाराने 2012 मध्ये 17 व्या आवृत्तीत ती एक करून टाकली. डेबियन या दुसऱ्या प्रकारात मात्र जोरदार भांडण, कारण एकाच फाइलला दोन पत्ते झाले की त्यांचा प्रोग्रॅम बसवणारा पॅकेज मॅनेजर डीपीकेजी गोंधळतो, प्रकरण टेक्निकल कमिटीपर्यंत गेलं, आणि 2023 च्या 12 व्या आवृत्तीत बिन एक करणं सक्तीचं झालं.

तुमच्या हातातला अँड्रॉइड फोनही लिनक्स कर्नलवरच चालतो, पण तिथे यूएसआरच नाही. सिस्टिम मुख्यतः 'सिस्टिम' नावाच्या फोल्डरात, तुमची अॅप्स आणि फोटो 'डेटा'मध्ये. आणि नव्या अँड्रॉइडमध्ये स्लॅश बिन शोधलंत तर तेही सापडतं, बाण फक्त सिस्टिम स्लॅश बिनकडे.